गुरुवारचा खाडा

अंबाजोगाई,
मंगळवार, १२ मे १९८७

चि. निवृत्ती यास,
अंजनाआक्काचा सप्रेम जय भीम.

आपण दोघं आणि आपल्या वस्तीतलं एकूण एक घर, ज्यांच्या किटल्या गावच्या दूध संस्थेने वर्षानुवर्षं ओट्याखालूनच परत पाठवल्या, "तुमचं दूध यात ओतलं तर बाकीचे घालायचे बंद होतील" असं तोंडावर सांगून, त्या सगळ्यांचा राग एकच आहे. तो माझ्यात अजून तेवढाच ताजा आहे, हे आधी लिहून ठेवते. म्हणजे पुढचं वाचताना "आक्का पलीकडच्यांना मिळाली" असं तुला म्हणता येणार नाही.

तुझी, साखराची, लेकरांची खुशाली जीप घेऊन आलेल्या बंकटकडून कळली. टँकर येतो पण वस्तीत शेवटी येतो, आडात बादली नुसती वाजते, छावणीत जनावरांना उसाचं वाढं मिळतंय, हेही कळलं. मडमी गाईने दूध कमी केलं नाही, हे बंकटने आल्या आल्या सांगितलं आणि चहा पिताना पुन्हा सांगितलं. मायची चौकशी त्याने चहा संपल्यावर केली. त्याला मी दोष देत नाही. आपल्या घरात चौकशीचा क्रम हाच आहे.

हे पत्र त्याच्याच हाती देते आहे. जीप रिकामी का आली ते तो त्याच्या परीने सांगेल. माझ्या परीने मी खाली लिहीन. आधी उद्याचं.

उद्या बुद्ध पौर्णिमा. समाजमंदिराच्या फळ्यावर प्रमुख वक्ता म्हणून माझं नाव लिहिलंय म्हणे. पुसून टाक. मी मायच्या खाटेजवळून हलणार नाही. हे पत्र म्हणजेच माझं यंदाचं भाषण, आणि श्रोता तू एकटा. टाळ्या वाजवू नकोस, मध्ये उठूनही जाऊ नकोस. फोनवर तू "आक्का, भाषण नको" म्हणून मला तोडतोस. कागदाला तोडता येत नाही.

आणि एक विचारायचं होतं. उद्याची खीर कुठल्या दुधाची? गेल्या वर्षी साखराने केजच्या दुकानातून दुधाची पावडर आणली होती, कारण घरचं दूध डेअरीला जायचं होतं. दारात जर्सी गाय, गोठ्यात म्हैस, आणि खिरीला डब्यातली पावडर! तेव्हा मी हसले होते. आता हसू येत नाही.

शुक्रवारी तू शेजारच्या औषधाच्या दुकानात फोन केलास. मी ओल्या हातानेच पळत गेले. तुझे शब्द मला पाठ आहेत: "आक्का, माय पडली. पन दूध न्हाई सांडलं बरं का! किटली आदी खाली ठिवली तिनं, मंग पडली." आणि तू हसलास. घाबरलेला माणूस असाही हसतो, हे मला कळतं. पण पुढे तू आणखी एक सांगितलंस, आणि ते मला अजून गिळता आलेलं नाही. माय ओट्याच्या पायरीशी पडलेली असताना माप घालणाऱ्याने आधी दूध मोजलं, तिच्या नावावर मांडलं, आणि मग लोकांनी तिला उचललं. तिनेच तसं सांगितलं म्हणे, "आदी दूध घ्या." आणि सगळ्या गावाने ऐकलं. एवढी आज्ञा या गावाने आपल्या मायची जन्मात पहिल्यांदाच पाळली.

इथल्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. खुब्याचं हाड मोडलंय. मी म्हणाले, "पायरीवरून पडली." तर ते म्हणाले, "पडली म्हणून हाड मोडलं असं समजू नका बाई. बहुतेक हाड मोडलं, म्हणून ती पडली." त्यांनी फोटो खिडकीच्या उजेडाला धरला. निवृत्ती, वाळवी आतून पोखरते आणि वरून वासा धड दिसतो, आपण त्याच्याखाली निवांत झोपतो, तसं ते हाड. उजेड आरपार येत होता.

तुला हे फोनवर सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "वय झालं आक्का. या वयात हाडं मोडायचीच." वय! वय हा शब्द तुम्हाला सगळ्यांना फार सोयीचा आहे. पाऊस पडला नाही म्हणायचं आणि विहिरी कुणी उपसल्या ते विचारायचं नाही, त्यातलाच हा प्रकार. मी डॉक्टरांना सोडलं नाही. शाळेतल्या पोरीसारखी बसले, वही तेवढी नव्हती, आणि विचारत राहिले. ते समजलं तसं तुला सांगते.

कॅल्शियम नुसतं हाडांना लागत नाही. रक्ताला लागतं. हृदयाचा ठोका पडतो, मूठ मिटते, गाय उठून उभी राहते, ते सगळं रक्तातल्या कॅल्शियमवर. म्हणून रक्तातलं माप शरीर कधी घटू देत नाही. गळ्याशी डाळीच्या दाण्याएवढ्या चार गाठी असतात, त्यांचं काम एवढंच, रक्तात कमी पडलं की हाडांकडे वसुलीला जायचं. तरुणपणी हाडं देतात आणि खाण्यापिण्यातून परत भरून घेतात. वय वाढलं की आतडं पूर्वीसारखं शोषून घेत नाही. कातडी उन्हात राबते, पण उन्हातून जे जीवनसत्त्व तयार करायची ते कमी करते. बाईची पाळी गेली की हाडांना राखणारं जे द्रव्य तिच्या अंगात असतं तेही आटतं. आवक मंदावते. वसुली मात्र एक दिवस थांबत नाही.

हे ऐकताना मला शरीर दिसलंच नाही. मला आपला जिल्हा दिसला. रक्त म्हणजे शहर. दुष्काळ असो, आग लागो, शहराच्या दारात सकाळी दुधाची पिशवी पडलीच पाहिजे. हाडं म्हणजे गाव. गावाने द्यायचं. गावात लेकराला कोरा चहा पाजायचा आणि टँकर भरून पाठवायचा. शहराला कळतही नाही की गाव पोकळ झालंय. एक दिवस गाव पायरीवर कोसळतं, तेव्हा शहरातला शहाणा माणूस पेपरात वाचतो आणि म्हणतो, वय झालं असेल.

डॉक्टर म्हणाले, म्हातारपणी प्रत्येकाच्या कणगीतून उपसा होतोच, पण तरुणपणी कणगी किती भरली होती त्यावर ती किती पुरेल ते ठरतं. मायची कणगी कधी भरली होती, सांग मला. सात बाळंतपणं. प्रत्येक लेकरू दोन दोन वर्षं अंगावर पाजलेलं. पोटातल्या लेकराची हाडं आईच्या हाडांतून बनतात, निवृत्ती. छप्पन साली वस्तीने दीक्षा घेतली तेव्हा तू तिच्या पोटात होतास, ती बसल्या जागी भिंतीचा चुना नखाने उकरून खायची. सासू मारायची, "भिंत खाती का गं घराची?" कुणाला कळलं नाही की तिचं अंग काय मागतंय. बहात्तरला ती रोजगार हमीवर खडी फोडत होती आणि तिच्या वाट्याची सुकडी पदराला बांधून तुला आणत होती. तुझी उंची, तुझी छाती, स्टेजवर उभा राहिलास की शोभतोस म्हणतात ती सगळी इमारत कुठल्या खाणीतल्या दगडाची आहे, ते मी तुला सांगते आहे.

आता गोळ्यांचं.

गेल्या वर्षी बादली उचलताना तिचं मनगट मोडलं, तेव्हा मी तिला केजला डॉक्टरकडे नेलं होतं. त्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या आणि रोज पेलाभर दूध प्यायला सांगितलं. दुधाचं मला माहीत होतं, ती पिणार नाही. "मला पचत न्हाई" म्हणते. कधी पिऊन बघितलं होतं ते तिला आठवत नाही. पण गोळ्या मी दर महिन्याला पाठवत होते. इथे डॉक्टरांनी विचारलं, "आजी, गोळ्या घेत होता ना?" माय छताकडे बघायला लागली.

डॉक्टर गेल्यावर तिने माझा पदर ओढला.

"अंजे, रागवू नको. त्या गोळ्या म्या मडमीला घालीत व्हते."

"मडमीला?"

"पेंडीत कुटून. दिवाळीला व्यायल्यावर ती खाली बसली व्हती का न्हाई? मान अशी पोटाशी टाकून. कान गार पडले व्हते. ढोराच्या डाक्टरनं कॅल्शेमची बाटली लावली आन् बाटली सरायच्या आत उठली की गं उभी! म्या या डोळ्यानं बघितलं. मी त्या गोळ्या म्हैनाभर खाल्ल्या, मला काय झालं? खडूवानी लागत्यात. मी काय उठून पळाले का? औषिद जिथं लागू पडतं तिथं द्यावं."

तिच्या म्हणण्यात खोट कुठे आहे? तिने पुरावा बघितला होता. गाय नुकतीच व्यालेली असते, दुधाबरोबर कॅल्शियम झपाट्याने निघून जातं, रक्तात एकदम खड्डा पडतो, आणि बाटली लावली की खड्डा भरतो. माणसाच्या हाडाची झीज अशी एका दुपारी दिसत नाही आणि एका दुपारी भरूनही येत नाही. ती वर्षानुवर्षं मुकाट चालते. तिला ओरडता येत नाही म्हणून तिला कुणी औषध देत नाही.

शेजारच्या खाटेवर शिरूर कासारची कडूबाई आहे. पन्नाशीची असेल. मोळ्या वाहून पाठीचे मणके एकमेकांवर बसलेत, पोक आलाय. ती म्हणाली, "मास्तरीणबाई, म्हातारी खरं बोलती. गाय बसली तर घर बसतं. आपुन बसलो तर पोरं म्हणत्यात, बस की, कोण उठ म्हणतंय!" आणि दोघी हसायला लागल्या. मायचं हसताना खुब्यात कळ येऊन तोंड वाकडं झालं, तरी हसत होती.

हे इथपर्यंत असतं तर मी तुला एवढं लांब पत्र लिहिलं नसतं. रविवारी साखरा भाकरी घेऊन आली होती. मी तिला गोळ्यांचं सांगितलं. तिला वाटलं मला सगळं कळलंय, म्हणून ती बोलून गेली: "व्हय वन्सं. ह्यांनी बघितलं व्हतं की. म्हणले, घाल माय घाल, तुझ्यापरीस तिलाच लई गरज हाय."

तू बघितलं होतंस. तू विनोद केलास.

संस्थेच्या सभेत तू ठराव मांडलास की प्रत्येक व्यालेल्या गाईला संस्थेतर्फे कॅल्शियमची बाटली मिळावी. चांगला ठराव. पेपरात दोन ओळी आल्या, मी कात्रण ठेवलंय. जनावराच्या हाडामांसाचं शास्त्र तुला तोंडपाठ आहे. किती किलो पेंड, किती क्षार, भाकड काळ किती. तेच शास्त्र तुझ्याच दारात, लुगडं नेसून, पहाटे किटली घेऊन चालत होतं, तर तुला ओळखू आलं नाही? सहकार म्हणजे काय रे? एकमेकांसाठी राबणं की सगळ्यांनी मिळून एका बाईला राबवणं?

आणि साखराकडे बघ जरा. ती तिशीची नाही अजून. तिची कणगी आता भरली तर भरली. डॉक्टरांनी मलाही विचारलं, "बाई, तुम्ही दूध घेता का?" मी शाळेत पोरींना आहारशास्त्र शिकवते आणि घरी कोरा चहा पिते.

आता जीपचं लिहिते. लिहायला हात धजत नव्हता म्हणून इतकं मागे ठेवलं.

आज सकाळी बंकट वॉर्डात आला आणि मायच्या कानाशी वाकून म्हणाला, "काकू, निवृत्तीदादानं जीप पाठिवली. रविवारपतुर घरी चला. मतदान झालं की पुन्ना आणून सोडतो." मी दाराशीच होते. मला वाटलं माय त्याला हाकलेल. तिने उशाखालचं फडकं काढलं, फणी आणि तंबाखूची डबी त्यात ठेवली, आणि एका हाताने, दातात टोक धरून, गाठोडं बांधायला लागली. पायाला दोरीने वाळूची पिशवी टांगलेली आहे, हाड जागेवर राहावं म्हणून. ती कडूबाईला म्हणते, "ती पिशवी तेवढी सोड गं."

कडूबाई म्हणाली, "म्या सोडते की. पन तंगडं तुझं हितंच ऱ्हाईल, ते मागनं कोण आणून दील?"

मी बंकटला बाहेर नेलं. डॉक्टर काय म्हणाले ते त्याला सांगितलं, तुलाही सांगते. या वयाचं माणूस खाटेला खिळलं की छातीत कफ भरतो, पाठीची कातडी फुटते, आणि मग माणूस खुब्याने जात नाही, त्याने जातं. हाड आत पट्टी घालून बसवलं तर ती पुन्हा उठून बसू शकेल, काठीने चालू शकेल. धोका आहे. त्यांनी लपवला नाही. पण थांबण्याचा धोका मोठा आहे. त्या रस्त्याने जीपमधून नेलं तर आत काय होईल ते बंकटलाही कळलं. शुक्रवारी ते तिला घेतील. गुरुवारी संध्याकाळपर्यंत तिचा होकार हवा. तिला शुद्ध आहे, समज आहे, तिच्या नकारावर कुणी तिला हात लावणार नाही. आणि लावूही नये.

ती नको म्हणते.

का म्हणते ते तुला माहीत आहे, पण लिहिते. आपलं दूध घेणं त्यांना भाग पडलं तेव्हा त्यांनी नियम केला, निवडणुकीआधीच्या महिन्यात ज्याच्या दुधाचा एक दिवस जरी खाडा पडेल त्याचं मत बाद. कुणासाठी केला? ज्यांच्याकडे एकेकच जनावर आहे, ते आटलं की आटलं, जे ऊस तोडायला जातात, त्यांच्यासाठी. आपल्यासाठी. तू तो नियम त्यांच्याच अंगावर उलटवलास. समाजमंदिराच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलंस, "आमचा खाडा नाही." ती भिंत बघून माझी छाती भरून आली होती. खोटं नाही सांगत, अजून येते. संचालकाच्या राखीव खुर्चीवरून तू आता चेअरमनच्या खुर्चीला उभा आहेस, आणि एकेका मताची ओढाताण आहे. तुझ्या म्हशीवर तुझं मत. योजनेतली जर्सी मायच्या नावावर, म्हणून मडमीच्या दुधावर मायचं मत. ते मत जाऊ नये म्हणून तू प्रचाराला गेलेला असताना, साखरा तापाने पडलेली असताना, माय अंधारात किटली घेऊन निघाली.

मी तिला म्हणाले, "माय, एक मत गेलं तर जाऊ दे."

"आन् निवृत्ती एका मतानं पडला तर? मंग मी या हाडाचं काय लोणचं घालू?" मग हळूच म्हणाली, "माझ्या मायला कुणी कशात इचारलं न्हवतं, अंजे. सासूला न्हाई. माझं नाव त्या डेअरीच्या भिंतीवरच्या मताच्या यादीत हाय. भिवराबाई. म्या वाचून घेतलं बंकटकडून."

मग मी बोलले. निवृत्ती, मी जन्मात कधी बोलले नसेन तशी बोलले. मोर्चे बोलले, परिषदा बोलले, पावसात भिजत माणसं उभी राहिली आहेत माझ्यापुढे. ते सगळं मी त्या एका खाटेपुढे ओतलं. शरीरावरच्या हक्काचं बोलले. मत देणाऱ्याने आधी जगलं पाहिजे, हे बोलले. माझ्या वाचनातलं, माझ्या आयुष्यातलं काही शिल्लक ठेवलं नाही. नर्स हातात थर्मामीटर धरून उभी राहिली. कडूबाईने डोळ्याला पदर लावला. मायने शेवटपर्यंत ऐकलं, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली:

"लई ब्येस बोलतीस बाई. आता निवृत्तीला इचार."

पहिल्या ओळीपासून मी हेच लिहायचं टाळत होते. तुझ्यावर ओरडायला मी कागद घेतला, कारण मागायला मला जड जातं. ज्या बाईने मला बोलायला शिकवलं तिच्यापुढे माझं सगळं बोलणं तोकडं पडलं, आणि तुझा एक शब्द पुरेल. हा न्याय आहे का? नाही. ती मुलाच्या शब्दाला तोलते आणि मुलीच्या शब्दाला वाहवा देते, हेही त्याच जुन्या वसुलीतलं आहे, आणि त्याच्याशी मी मरेपर्यंत भांडेन. पण या आठवड्यात नाही. या आठवड्यात मला माय हवी आहे.

लिहिता लिहिता ती जागी झाली. "कुणाला लिव्हतीस? निवृत्तीला? इचार, मडमीची धार कोण काढतंय. साखराच्या हाताला ती दूध चोरती." इथे सकाळी तिला पेलाभर दूध मिळतं. ते ती कडूबाईच्या भांड्यात ओतते. "मला पचत न्हाई."

तू तिला समजावशील, "मताची काळजी करू नको" म्हणशील, तर ती ऐकणार नाही. ती तुला ओळखते. मत शिल्लक आहे तोवर ती गाठोडं सोडणार नाही. आजही ते तिच्या छातीशी आहे. म्हणून नुसतं समजावणं मी तुझ्याकडे मागत नाही.

मी काय मागते आहे ते मला कळतं. जिला पहिल्यांदा मत मिळालं त्या बाईचं मत घालवायला मी तुला सांगते आहे, आणि भिंतीवरचं वाक्य तुझ्याच हाताने खोटं करायला सांगते आहे. माप घालणारा गुरुवारी सगळ्या गावाला सांगेल. पलीकडचे म्हणतील, बघा, शेवटी खाडा पडलाच. म्हणू दे. तू हरलास तर मी तुझ्या बाजूला उभी राहीन आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत या नियमाच्या चिंध्या करायला गावोगाव फिरेन. आणि त्या निवडणुकीला माय स्वतःच्या पायाने, काठी टेकत, तो ओटा चढेल. तिचं मत तिला परत मिळवून देता येईल. ती गेली तर तिला परत मिळवता येणार नाही.

तर गुरुवारी पहाटे मडमीची धार तू काढ. किटली डेअरीच्या ओट्यावर नेऊ नकोस. दूध उकळ, फडक्याने तोंड बांध, आणि केजहून पहिल्या एसटीने ती किटली घेऊन इथे ये. एका पेल्याने मोडलेलं हाड जुळत नाही, एवढं मलाही कळतं. पण तिच्या देखत ते पेल्यात ओत, तिच्या हातात दे, आणि तिला एवढंच सांग:

"माय, आज खाडा केला."

पुढचं ती समजेल.

त्या किटलीची वाट बघणारी,
तुझी आक्का,
अंजना